पंचमीला मी पावणा झाले

आमच्या पिंपळवंडीत त्या वर्षी एकच प्रेमप्रकरण उघडपणे चालू होतं आणि ते माझं होतं. उघडपणे म्हणजे अगदी भोंग्यावरून. गावात फोन मोजके, आणि आमच्या वस्तीला जवळचा म्हणजे दूध डेअरीतला. डेअरीच्या छपरावर भोंगा बसवलेला होता. जनावरांचे डॉक्टर आलेत, उद्या पेंडीची गाडी येणार, असलं काहीबाही त्यावरून सांगायचे. डेअरी सांभाळणारे सोपानतात्या एका हातानं दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या हलवत आणि दुसऱ्या हातानं माईक तोंडाशी धरत साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं सांगायचे, "पोपटरावांच्या अलकाला फोन हाय! मंचरकडच्या पावण्यांचा! परत लावत्यात, तवर ये गं पोरी!" मग मी जिथं असेन तिथून सुटायची. हातात शेणाची पाटी असली तर ती वाटेत, धुणं असलं तर ते ओढ्यावर. एकदा म्हशीला पाणी पाजता पाजता पळाले, तर म्हैस माझ्या मागं डेअरीपर्यंत आली. सोपानतात्या म्हणाले, "हिचा बी फोन हाय का?"

माझा साखरपुडा उन्हाळ्यात झाला होता. अठरा नुकती पुरी झाली होती, बारावीला होते, आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं. पावणे, म्हणजे नवरदेव, आंबेगाव तालुक्यातले, मंचरजवळच्या एका गावचे. भोसरीला कंपनीत कामाला. मोटारसायकल होती, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं आणि बोलताना शब्द शहरी होते. एवढ्यावर मी खलास. लग्न व्हायला पाच-सहा महिने अवकाश होता, पण मी आधीच त्यांना 'हे' म्हणायला लागले होते. 'ह्यांना आवडत नाही', 'ह्यांना विचारते' असं मी मैत्रिणींत इतकं म्हणायची की आमची आई एकदा वैतागून म्हणाली, "आगं, तुजे दादा माजे 'हे' झाल्याला वीस वर्सं झाली, तरी मी दिवसातनं एवड्यांदा न्हाई म्हनत."

घरात तेव्हा सारखी मासवडी शिजायची. म्हणजे मीच शिजवायची. पहिल्यांदा पावणे जेवायला आले तेव्हा आईनं मासवडी-रस्सा केला होता. बेसनाचं पिठलं घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर खोबरं, तीळ, लसूण, खसखशीचं सारण पसरायचं आणि गरम असतानाच फडक्यासकट वळायचं. हात भाजतात, पण थांबलं की वडी तुटते. आईची वडी पंचक्रोशीत नावाजलेली. पावण्यांनी चार खाल्ल्या आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मीठ कमी होतं. आमच्याकडं हे चालणार नाही." झालं. दुसऱ्या दिवसापासून मी मीठ वाढवायला लागले. दादा बिचारे खायचे आणि तांब्याभर पाणी प्यायचे. आमच्या धाकटीनं, पुष्पीनं, एकदा वडी गाईला घातली तर गाईनंही आधी हुंगून माझ्याकडं पाहिलं.

आता हे सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा मला ते बोलणं म्हणजे दागिना वाटला होता. ह्या माणसाला आपल्यात काहीतरी सुधारावंसं वाटतंय, म्हणजे किती जीव! आणि मग असे दागिने येतच गेले. फोनवर एकेक. वेणीत अबोली घालायची नाही. पंजाबी ड्रेस घालायचा नाही. नारायणगावला कॉलेजला जाताना एसटीत खिडकीकडं बसायचं नाही. चुलतभाऊ बाळू सायकलवरून सोडायला आला तर नाही म्हणायचं. हे सगळं मी एसटीच्या थांब्यावर पोरींना ऐटीत ऐकवायची, जशी एखादी नवे पैंजण वाजवून दाखवते तशी. माझी मैत्रीण सुनंदा, तिचंही लग्न ठरलं होतं. तिचा नवरामुलगा तिला कशालाच नाही म्हणायचा नाही. मला तिची फार कीव यायची. "तुझ्या त्याला तुझी काळजीच न्हाई गं," असं मी तिला मोठ्या बहिणीच्या मायेनं सांगितलं, आणि त्या येडपटीला ते पटलं. ती रडली. आजूबाजूच्या नववी-दहावीच्या पोरी डोळे मोठे करून ऐकत असायच्या. एक म्हणाली, "अलकाताई, आमच्यावर कुणी एवढं रागवायला कवा मिळंल गं?" मी म्हणाले, "मिळेल, नशिबात असलं तर." ही मी, गावातली प्रेमाची पहिली शिक्षिका. विद्यार्थिनी भरपूर, अक्कल शून्य.

आषाढात एकदा पावण्यांनी लेण्याद्रीला दर्शनाला न्यायचं काढलं. दोघांनीच जायचं म्हणजे तेव्हा शक्य नव्हतं, म्हणून मधे पुष्पी. तेरा वर्षांची, दोन वेण्या, आणि आपल्याला दाजींच्या मोटारसायकलवर बसायला मिळणार म्हणून आदल्या दिवशीच आंघोळ करून बसलेली. पायऱ्या चढताना मी पावण्यांच्या दोन पायऱ्या मागं चालत होते, कारण बरोबरीनं चालल्यावर ते थांबून मागं बघायचे. वर गणपतीपुढं मी काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही, फार बावळट होतं. बाहेर आलो तर एका माकडानं पावण्यांच्या हातातली नारळाची पिशवी ओढली. पावण्यांनी सोडली नाही. माकडानंही सोडली नाही. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे. मला हसू फुटलं. शेजारी एक यात्रेकरू होता, तोही हसला, आणि हसता हसता आमची नजरानजर झाली. बस, एवढंच. उतरताना पावण्यांनी पुष्पीला काकडी आणायला पुढं पिटाळलं. खाली आलो तेव्हा माझ्या डाव्या हातातल्या बांगड्या फुटलेल्या होत्या. घरी मी सांगितलं, माकडानं ओढलं. सगळ्यांना पटलं. लेण्याद्रीची माकडं आधीच बदनाम, त्यांच्या नावावर अजून एक गेलं.

आणि मग तो फोन. संध्याकाळची वेळ, दूध घालायची गर्दी ओसरत आलेली. सोपानतात्यांनी भोंग्यावरून माझं नाव पुकारलं, मी पळत गेले, तात्यांनी माईक टेबलावर फोनशेजारी ठेवला आणि ते कॅन उचलायला बाहेर गेले. माईकचं बटण बंद करायचं राहिलं. मी टेबलाला पाठ टेकून, पदराशी चाळा करत, अगदी जसं टीव्हीवर बघितलं होतं तसं उभी राहिले आणि बोलायला लागले. पावण्यांचा आवाज माझ्या कानात. माझा आवाज मात्र भोंग्यातून पार कुकडी नदीच्या काठापर्यंत.

गावानं काय ऐकलं ते मला नंतर पुष्पीनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "हां... हां जी... न्हाई, लगीच निघाले... पळतच आले... चुकले... खिडकीत न्हाई हो बसले, सुनंदा बसली व्हती... न्हाई, मी बाहेर न्हाई बघितलं... चुकले... बाळू चुलतभाऊ हाय हो माजा... बरं, न्हाई बोलनार त्याच्याशी... त्या मानसाला मी वळकत बी न्हाई, माकडाला हसले मी... आईच्यान... चुकले म्हनलं ना... परीक्षा? न्हाई बसत परीक्षेला, तुमी म्हनाल तसं... ठिवू नका, ठिवू नका ना, हॅलो? चुकले ओ, हॅलो?"

कांद्याच्या चाळीत बाया सडका कांदा निवडत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. दादा पाणी धरत होते, वाफा भरून वाहिला. पारावरच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या तंबाखूच्या चंच्या मिटल्या. आणि मी? मी डेअरीतून बाहेर पडले ती मान किंचित वाकडी करून, गालात हसत, कारण फोन आपटण्याआधी ते म्हणाले होते की पंचमी झाली की येईन. रस्त्यात सगळे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, नवीन हिरवी साडी खुलून दिसतेय. पारावरच्या एका आजोबांनी हाक मारली, "पोरी, लई मोठी चूक झाली का गं?" मला काही कळेना. पुढं दोन पोरं गोट्या खेळत होती. एकाची गोटी हुकली तसा तो कमरेवर हात ठेवून बारीक आवाजात म्हणाला, "चुकले ओ, हॅलो?" आणि दोघं लोळायला लागली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

लाजेनं मेले असं लिहायला पाहिजे, पण खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो असा की हे जर पावण्यांना कळलं तर ते रागावतील. बघा म्हणजे.

घरी चुलीपुढं आई भाकरी थापत होती. दादा ओट्यावर, पाय चिखलाचे. आई म्हणाली, "परीक्षेला बसत न्हाईस म्हनं."

"ते म्हणाले, काय उपयोग."

"आन एवडं सारखं काय चुकत व्हतं तुजं?"

"तुला न्हाई कळायचं, आई. त्यांचा जीव हाय माज्यावर."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "जीव असलेल्या मानसाशी बोलताना धाप लागती व्हय?" मी ताट सरकवून उठले. तेव्हा मला फार मोठी प्रेयसी झाल्यासारखं वाटलं, सगळं जग विरोधात असलेली. टीव्हीनं तेवढं एक चांगलं शिकवलं होतं.

आमची चुलती, हौसाकाकी, शेजारच्याच घरात राहायची. आवाज असा की ती परड्यात बोलली तर रस्त्यावरचा माणूस 'ओ' द्यायचा. सकाळी मिश्री लावत ओट्यावर बसली की अर्ध्या गल्लीचा न्यायनिवाडा तिथंच व्हायचा. पंचमीच्या खेळांची म्होरकी तीच. नागपंचमीला आमच्याकडं दुपारनंतर बायापोरी मारुतीच्या देवळात जमायच्या. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. घराघरात पुरणाची दिंडं उकडलेली. पोट तुडुंब, हातात कासाराकडून भरलेल्या नव्या बांगड्या आणि देवळात गड्याला बंदी. आधी फेर, मग झिम्मा, आणि सगळ्यात शेवटी सोंगं. सोंगं म्हणजे वर्षभराचं उट्टं. कुणी इंजेक्शन देणारा डॉक्टर व्हायची, कुणी एसटीचा कंडक्टर, कुणी स्वतःचीच सासू, आणि सासू समोर बसून टाळ्या वाजवायची. त्या दिवसाचं कुणी मनावर घ्यायचं नाही असा दंडक होता.

त्या पंचमीला फेर संपल्यावर हौसाकाकीनं पदर खोचला आणि म्हणाली, "औंदा फोनचं सोंग!"

एकच हशा. आणि मी, देवा, मी खूष झाले. मला वाटलं, आपली प्रेमकथा एवढी गाजली की पंचमीला मान मिळाला. मी मान खाली घालून लाजलेसुद्धा. काकी म्हणाली, "अलका व्हनार आपली पुष्पी." यावर मात्र मी हरकत घेतली. पुष्पीचे दोन दात पुढं होते आणि माझी भूमिका करायला जरा बरी दिसणारी कुणी असावी असं माझं मत होतं. काकीनं ते ऐकूनच घेतलं नाही.

"आन पावणा कोन?" कुणीतरी विचारलं.

काकी माझ्याकडं वळली. "अलके, तू. तुजं बोलनं समद्या गावानं ऐकलंय. त्याचं काय व्हतं ते तुज्याबिगर कुनाला म्हाइत? आमाला निम्मंच ऐकू आलं."

पंचमीला कुणी नाही म्हणत नाही. त्या दिवशी तवा रिकामाच होता, त्याच्या पाठीची काजळी आणून काकीनं माझ्या ओठावर मिशी ओढली. दादांचा सदरा चढवला, डोक्याला उपरणं गुंडाळलं. हातात फोन म्हणून नारळाची करवंटी. समोर माझ्याच हिरव्या साडीत गुरफटलेली पुष्पी, तिच्या कानाला दुसरी करवंटी. मी खाकरले आणि पावण्यांसारखा शहरी आवाज काढला. "कुठं होतीस? किती वेळ लागतो यायला?"

बाया खदखदल्या. पुष्पीनं मान वाकडी केली. "पळतच आले ओ. चुकले."

"पळत? म्हणजे सगळ्या गावासमोर पळालीस? लाज आहे का?"

"चुकले. हळू यीन."

"म्हणजे अजून उशीर लावणार?"

देऊळ हसून हसून पडायचं बाकी राहिलं. सुनंदा तर स्वतःच्या मांडीवर चापट्या मारत होती. आणि एक गोष्ट मला तिथं कळली की मी सोंगाला फार चांगली आहे. एकेक वाक्य तोंडातून असं सुटत होतं की विचारायची सोय नाही. खिडकीचं झालं, अबोलीचं झालं, बाळूचं झालं. प्रत्येकाला हशा. मला चढलीच. मी येरझारा घालायला लागले, आवाज वाढवला. हशा जरा पातळ झाला होता, पण रंगात आलेल्या नटाला ते कुठं कळतंय? "कुणाकडं बघून हसलीस?" मी ओरडले.

"माकडाला हसले ओ," पुष्पी म्हणाली. तिचा आवाज आता सोंगातला राहिला नव्हता.

"खोटं! कुणाकडं बघून हसलीस ते सांग!" माझ्या हातातली करवंटी कधी पडली मला कळलं नाही. मी पुढं झाले आणि पुष्पीचं डावं मनगट धरलं. अंगठा आत, बोटं बाहेर, आणि पिळलं. त्या नव्या बांगड्या कडाकडा मोडल्या.

"ताये, सोड! दुकतंय!"

आणि माझ्या तोंडून आलं, "दुखावं म्हणूनच धरलाय."

देवळात कुणी हसलं नाही. पुष्पी मनगट छातीशी धरून उभी, काचेनं ओरखडा उठलेला, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती जशी तिची कुणी ताई नव्हतीच कधी. बाहेर पावसाची बारीक झड लागली होती, तिचा पत्र्यावरचा आवाज तेवढा. हौसाकाकी जवळ आली. तिनं हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, विचारलं, "अलके. हे फोनवरचं न्हाई. हे कवाचं?"

मी म्हणाले, "लेण्याद्रीचं." मिशी ओठावर तशीच.

आई खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "माकडानं वढलं म्हनलीस." मग तिनं तोंडाला पदर लावला.

इथं मी एकदम शहाणी झाले असं लिहिलं तर गोष्ट चांगली सजेल. पण मी झाले नाही. मी तिथंच, सदरा आणि उपरण्यात, त्यांची वकिली सुरू केली. ते रागावले होते, मीच हसले, एरवी ते फार चांगले आहेत, त्यांनी मला लेण्याद्रीला उसाचा रस पाजला. काकीनं सगळं ऐकून घेतलं. पुष्पीच्या ओरखड्यावर हळद दाबली. मग म्हणाली, "बरं. चांगला हाय तुजा पावणा. तर मग आत्ता जे बोललीस ते परत बोल. हिच्याकडं बघून." आणि पुष्पीला माझ्यापुढं उभी केली. मी तोंड उघडलं. एक शब्द आला नाही. पुष्पीनं आपला हात पाठीमागं लपवला होता.

काकी मग पोरींकडं वळली, त्या नववी-दहावीच्या, ज्यांना मी थांब्यावर शिकवण देत होते. "ऐका गं पोरींनो. ज्या पोरीला वाटतंय आपल्यावर कुनाचा लई जीव हाय, तिनं त्याचं बोलनं घरी जाऊन धाकट्या भनीला बोलून बघायचं. बोलता आलं तर खुशाल लगीन करा. न्हाई बोलता आलं तर माज्याकडं या, मी हाय." मागं बसलेली एक पोरगी ओठ हलवत होती, स्वतःशीच काहीतरी म्हणून बघितल्यासारखं, आणि मधेच तिचे ओठ थांबले.

पावण्यांचा फोन दोन-तीन दिवसांनी आला. सोपानतात्यांनी भोंग्यावरून पुकारलं, पण आवाजात आता दम नव्हता, अपराध्यासारखं बोलायचे. मी गेले. चालत गेले, पण गेले. मनाशी ठरवलं होतं की गोड बोलायचं, सांभाळून घ्यायचं. रिसीव्हर उचलला आणि ते म्हणाले, "कुठं होतीस? किती वेळ लागतो यायला?" तंतोतंत तोच आवाज. माझ्या डोळ्यांसमोर उपरणं गुंडाळून, काजळीची मिशी लावून, करवंटीत ओरडणारी मीच उभी राहिले. मला हसू आलं. दाबलं, तर जास्त आलं. ते म्हणाले, "हसतेस कुणाला?" तसं तर माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. ते ओरडत राहिले, मी हसत राहिले, आणि मधे कधीतरी ते हसणं रडण्यात गेलं, पण 'चुकले' म्हणायला जीभ वळली नाही. ते शोधत होते तो शब्द, मला ऐकू येत होतं. शेवटी मीच फोन ठेवला. सोपानतात्या दारात उभे होते. म्हणाले, "बटन बंद हाय गं, बघितलंय मी."

घरी आल्यावर दादांना म्हणाले, "मला न्हाई करायचं." दादांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "आज नक्की हाय. उद्याचं सांगता येत न्हाई, तुमी आजच जा." हे वाक्य माझ्या सगळ्या जन्मातलं शहाणपणाचं, आणि तेही भीतीपोटी आलेलं. आई म्हणत होती, साखरपुडा मोडलेली पोर, मागं धाकटी हाय, लोक काय म्हणतील. दादा म्हणाले, "लोकांनी म्हनायचं ते भोंग्यावर ऐकून म्हनून झालंय." आणि साखरपुड्याची साडी, नारळ पिशवीत घालून मंचरच्या गाडीत बसले. तिकडं गंमत झाली. दादांनी तोंड उघडायच्या आत पावण्यांचे वडील म्हणाले, पोरगी उथळ आहे, फोनवर हसते, आम्हीच मोडणार होतो. दादा म्हणाले, मोडायला मी एवढ्या लांब आलोय. दोघांत आधी कुणी मोडलं यावरून चहा गार होईपर्यंत वाद झाला.

आणि मी? मी त्यानंतर महिनाभर रडले. मोडलं म्हणून नाही. मला उथळ म्हणाले म्हणून. बारावीला मात्र बसले. मार्क काय पडले ते विचारू नका, पास झाले.

पुष्पी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. मग एक दिवस मासवडी खाताना म्हणाली, "ताये, आता मीठ ठीक हाय." आमच्यात एवढ्यावर मिटलं.

पंचमीला मात्र ते सोंग राहिलं. दर वर्षी श्रावणाआधी काकी पोरींना विचारायची, औंदा कुनाचा पावणा? मग मोबाईल आले, तसे पावणेही बदलले. कुणाला लग्न ठरायच्या आधीच पावणा असायचा. कॉलेजातला, मेसेजमधला, मिस्ड कॉल देऊन हजेरी घेणारा. नियम एकच, जिचा पावणा तिनंच मिशी लावायची. किती पोरी हसता हसता मधेच गप्प झाल्या ते मी बघितलंय, आणि किती गप्प होऊनही तशाच सासरी गेल्या तेही. काकीच्या सोंगाला काही जादू नव्हती. परवा शाळेतल्या बाईंनी मला मुलांमुलींपुढं बोलायला बोलावलं, फळ्यावर 'निरोगी नातेसंबंध' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. मी आपली काजळीची डबी घेऊन गेले. पोरांनाही उभं केलं, आमच्या वेळी त्यांना देवळात बंदी होती हीच मोठी चूक. एका दांडगटाला मुलगी केलं आणि मिशी लावलेली मुलगी त्याला विचारायला लागली, 'ऑनलाइन होतीस, मग रिप्लाय का नाही?' तो खरोखर घामाघूम झाला.

माझं लग्न पुढं झालं, पिंपरी पेंढारच्या एका शेतकऱ्याशी. बघायला आले तेव्हा ते फार काही बोललेच नाहीत, त्यामुळं मला काळजी वाटली होती. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आले तर देवळात बाया माझी वाटच बघत होत्या. नवा पावणा! काकीनं आपल्या हातानं मिशी ओढली, सदरा घातला. "हां, कर सुरू," म्हणाली. सगळं देऊळ पुढं सरकून बसलं, हसायला तोंडं तयार. मी खाकरले. करवंटी कानाला लावली आणि घरात ते काय काय बोलतात ते आठवायला लागले.

"जेवलीस का?" मी म्हणाले.

बाया वाट बघत राहिल्या.

"एसटीला गर्दी व्हती का? बसायला जागा मिळाली? मिरच्यांचं रोप आलंय, चांगलं हाय. तुला किती दिवस राहायचं ते रहा, मला फक्त सांग, न्यायला येऊ का तू येशील ते."

एकीनं जांभई दिली. दुसरी शेजारणीला विचारायला लागली, दिंडं किती उरली म्हणून. मी अजून एक-दोन वाक्यं लावून बघितली, आवाजही चढवला, पण 'गोठ्याचा पत्रा बसवून घेतलाय' हे वाक्य ओरडून म्हटलं तरी त्यात कुणी काय हसणार? शेवटी हौसाकाकीनं हात हलवला.

"बस खाली, अलके. ह्या पावण्यात काय सोंग न्हाई."

इतकं पडलेलं सोंग त्या देवळात आजवर कुणाचं झालेलं नाही. मी मिशी पुसत जागेवर येऊन बसले, तेव्हा खरं सांगते, मला चांगलाच राग आला होता. ह्यांच्यावर.